वरच्या दऱ्यातलं जुनं रान आम्ही कसं मागितलं

फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या पाड्याच्या ग्रामसभेला सामूहिक वनसंसाधनाच्या हक्काचा, म्हणजे गावाच्या सीमेतलं जंगल राखण्याच्या हक्काचा, कागद मिळाला. दावा करायचा ठराव झाला होता २०२२ च्या होळीनंतर. म्हणजे तीन वर्षं जवळजवळ गेलीच. या काळात होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात, दवाखान्यात, जीपमध्ये भेटलेल्या किती तरी जणांनी मला विचारलं, ताई, सुरुवात कुठून करायची? पैसे किती लागतात? वकील लागतो का? प्रत्येकाला तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदा ओळीनं लिहून ठेवते. मी आमच्या वनहक्क समितीची, म्हणजे ग्रामसभेनं दाव्याच्या कामासाठी निवडलेल्या समितीची, सचिव आहे. बी.ए. झाले आहे, कायदा शिकलेली नाही. वकील आम्हाला लागला नाही.

पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुठल्या दऱ्यात किती जाडीचं झाड उभं आहे हे लाकूडचोरांना इथून कळायला नको. सातपुड्यातला पावरा आदिवासी वस्तीचा पाडा आहे, एवढं पुरे. खाली उतरलं की तापीच्या सपाटीला कापूस आणि केळी, वर आमच्याकडे ज्वारी, मका आणि रान.

वरचा दरा म्हणजे पाड्याच्या उत्तरेला, दोन डोंगरांच्या मधे चिंचोळी होत गेलेली जागा. सरकारी कागदावर ते राखीव जंगल. खालच्या उतारावर साग आहे, तोही बहुतेक जुन्या तोडीनंतर फुटलेला, एका बुंध्यावर दोन-तीन खोडं. दऱ्यात शिरलं की रान बदलतं. अंजन, सादडा, धावडा, हळदू, कळम, बेहडा, मोहाची म्हातारी झाडं. काही अंजनांना तिघांनी हात धरून वेढा घातला तरी पुरत नाही. वाळलेलं झाडसुद्धा आपणहून पडेपर्यंत उभं असतं आणि त्याच्या ढोल्यांत पोपट, घुबडं, मधमाश्या राहतात. वैशाखात खालचा नाला कोरडा पडतो तेव्हा दऱ्यातल्या झिऱ्याला पाणी असतं. वर वाघदेवाचं ठाणं आहे, त्याच्या आसपास ओली फांदी कुणी तोडत नाही. हे रान राहिलं ते त्या ठाण्यामुळे आणि वाट अवघड होती म्हणून. आता मोटारसायकल दऱ्याच्या तोंडापर्यंत जाते.

डिसेंबर २०२१ मध्ये सरपणाला गेलेल्या बाया सांगत आल्या, झाडांवर नंबर टाकलेत. जाऊन पाहिलं. खालच्या सागांना आणि दऱ्याच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या झाडांना साल तासून नंबर घातले होते. वनरक्षकदादांना विचारलं तर ते सरळ बोलले, कार्य आयोजनेप्रमाणे या कंपार्टमेंटमध्ये कुपाची तोड आहे, पुढच्या हंगामात. कार्य आयोजना म्हणजे वनखात्याचा मंजूर आराखडा, कंपार्टमेंट म्हणजे त्यातला क्रमांक घातलेला जंगलाचा तुकडा, आणि कूप म्हणजे त्या आराखड्यातली तोड, तेव्हा तक्रार तरी कुणाची करणार? चोरीची तोड वेगळी चालूच होती. रात्री सागाचे चरपट खाली जात, सलईला खाचा पाडून डिंक काढणारे येत. आणि तिसरी गोष्ट बोलायला सगळ्यांत जड जाते. आपल्यातलेच काही जण नेवाड, म्हणजे जंगलात कसायची जमीन, वाढवण्यासाठी बुंध्याभोवती साल सोलून ठेवत होते. झाड उभ्या उभ्या वाळतं, मग ते तोडलं तरी कुणी काही म्हणत नाही. दऱ्याच्या पश्चिमेच्या टोकाला अशी सोललेली झाडं आम्ही मोजली आणि त्या दिवशी कुणी कुणाकडे बघेना.

वनहक्क कायदा आमच्याकडे 'प्लॉटचा कायदा' म्हणून माहीत होता. कायदा २००६ चा, नियम १ जानेवारी २००८ पासूनचे, त्यांत मोठी दुरुस्ती सप्टेंबर २०१२ मध्ये झाली. नमुना अ भरायचा, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असल्याचे पुरावे जोडायचे आणि वाट बघायची, एवढंच लोक करत आले. तालुक्याला एका प्रशिक्षणात मला पहिल्यांदा नीट कळलं की नमुने तीन आहेत. नमुना ब सामूहिक हक्कांचा, म्हणजे चराई, सरपण, मोहफुलं, टेंभुर्णीची पानं, पाणी, मासे. आणि नमुना क सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे गावाच्या परंपरागत सीमेतलं सगळं जंगल राखण्याचा, पुन्हा वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा. राखीव जंगल असो की अभयारण्य, सीमेत येत असेल तर मागता येतं. त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये ग्रामसभेला जंगलाला, वन्यजीवांना अपाय करणारी कामं थांबवण्याचा अधिकार आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला असा हक्क २००९ मध्येच मिळाला होता. जुनी झाडं वाचवायची असतील तर नमुना क हाच कागद. नमुना ब सोबत भरा, पण फक्त ब भरून थांबू नका. त्यात वापर मिळतो, राखणीचा अधिकार क मध्ये आहे.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा पहिला विरोध माझ्या काकांनी केला. त्यांचा नमुना अ चा दावा वर्षानुवर्षं पडून होता. सर्वोच्च न्यायालयाचा १३ फेब्रुवारी २०१९ चा आदेश सगळ्यांच्या मनात ताजा होता. दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढा, असा तो आदेश, आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. ते पंधरा दिवस आमच्याकडे कुणी नीट झोपलं नव्हतं. काका म्हणाले, "जंगल सगळ्यांच्या नावावर झालं की माझं वावर कुणाच्या नावावर?" प्रश्न खरा होता. उत्तर द्यायला मला वेळ लागला, पण घरोघर जाऊन दिलं. वैयक्तिक दाव्याची जमीन वैयक्तिकच राहते. सामूहिक नकाशात आम्ही २००५ च्या आधीची सगळी नेवाडं वेगळ्या रंगानं दाखवली आणि ग्रामसभेच्या ठरावात तसं लिहिलं. काकांनी आपल्या वावराचा रंग स्वतः तपासला, तेव्हा कुठे अंगठा दिला. तुमच्या पाड्यावर हेच होणार. नकाशा काढण्याच्या आधी हे बोलून घ्या.

ग्रामसभेची गणसंख्या हा दुसरा घोर. एकूण सदस्यांपैकी निम्मे हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया. दिवाळीनंतर आमचा निम्मा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जातो. जानेवारीत सभा बोलावली तर म्हातारी माणसं आणि पोरं आली. म्हणून होळीची वाट पाहिली, होळीला सगळे परततात. १७ मार्च २०२२ ची होळी, त्याच्या पुढच्या आठवड्यात सभा झाली आणि आवार भरलं. जुनी वनहक्क समिती कागदावरच होती. ती नव्यानं निवडली, पंधरा जणांची, त्यांत पाच बाया. नियमात दहा ते पंधरा सदस्य, त्यांत दोन तृतीयांश आदिवासी आणि एक तृतीयांश महिला, असं आहे. आमचा पाडा पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याखाली, स्वतंत्र गाव म्हणून आधीच जाहीर झाला होता, त्यामुळे आमची ग्रामसभा आमच्याच पाड्याची. तुमचा पाडा मोठ्या ग्रामपंचायतीत मिसळलेला असेल तर आधी ते काम करून घ्या, नाही तर दूरच्या गावात गणसंख्या जमवताना जीव जाईल. एक बारीक सूचना: हजेरीच्या वहीत बायांच्या सह्या-अंगठ्यांसाठी वेगळी पानं ठेवा आणि सभेच्या शेवटी दोन्ही बेरजा ठरावातच लिहा.

पैशांचं सांगते. दाव्याला एक रुपयाही शुल्क नाही. कोरे नमुने फुकट मिळतात, आणि जंगलाचे व महसुलाचे नकाशे, मतदार यादी ग्रामसभेला पुरवणं हे उपविभागीय समितीचं, म्हणजे ग्रामसभेचा दावा पुढे तपासणाऱ्या प्रांत पातळीवरच्या समितीचं, काम आहे, नियमातच तसं लिहिलंय. आम्ही तसा अर्ज दिला, पोच घेतली. मतदार यादी आली, नकाशा आला नाही. मग माहिती अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीला दर पानी दोन रुपये, मुदत ३० दिवसांची. कार्य आयोजनेतली आमच्या कंपार्टमेंटची पानं आणि नकाशा मागितला. मिळाला, मुदत उलटल्यावर पहिलं अपील केलं तेव्हा. तीन वर्षांतला झेरॉक्स, जीपभाडं, नकाशाचं मोठं छापील फ्लेक्स, फोटो, चहा असा सगळा खर्च साधारण ११,००० रुपये झाला. घरामागे १०० रुपये वर्गणी काढली, घरं ११२. हिशोबाची वही प्रत्येक सभेत वाचली. बुडालेली मजुरी यात धरलेली नाही, ती ज्याची त्यानं सोसली.

आता पुरावे. लोक समजतात की जुना सरकारी कागद नसेल तर दावा होत नाही. नियम १३ काढून वाचा. सामूहिक वनसंसाधनासाठी पुरावा म्हणून चराईच्या जागा, कंदमुळं-चारा-रानफळं गोळा करायच्या जागा, पाण्याचे झिरे, औषधी झाडांच्या जागा, पवित्र झाडं, देवराया, स्मशान, हे सगळं चालतं. एकाहून जास्त प्रकारचे पुरावे लावायचे. आम्ही वाघदेवाच्या ठाण्याचे फोटो लावले. इंदल या आमच्या सणाच्या पूजेला कळमाची फांदी दऱ्यातल्या कुठल्या झाडांची आणतात ते लिहिलं. मोहाची झाडं कुठल्या घराण्यानं वेचायची याची पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी आहे, तिची यादी केली. ती करताना माझ्या आजीनं झाडांची नावं घेतली, प्रत्येक झाडाचं वेगळं नाव, आणि मी लिहीत बसले. गॅझेटियरही पुराव्यात धरतात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८० चा खानदेश खंड कॉलेजच्या ग्रंथालयात होता. त्यातली सातपुड्याच्या जंगलाची पानं आणि झाडांची यादी झेरॉक्स करून जोडली. अंजन त्यात आहे.

सगळ्यांत महत्त्वाचं काम मात्र कार्यालयात झालं नाही. ते झालं शेजारच्या पाड्याशी, आणि त्यावरच मला जास्त लिहायचं आहे.

दऱ्याच्या पूर्वेला डोंगराची धार आहे. आमच्या म्हाताऱ्यांच्या मते आमची शीव धारेवर. त्यांच्या म्हाताऱ्यांच्या मते त्यांची शीव खाली झिऱ्यापर्यंत. मधल्या उतारावर चारोळीची झाडं आहेत आणि सगळ्यांत जुने अंजनही तिथेच. दोन ग्रामसभांचे दावे एकमेकांवर चढले तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून, कोण जागा कशी वापरतं ते पाहून लेखी निष्कर्ष द्यावेत, असा नियम आहे. त्यांना मिटवता आलं नाही तर प्रकरण उपविभागीय समितीकडे जातं. म्हणजे वर्ष-दोन वर्षं. तोवर कूप होऊन जाणार, हे दोन्ही बाजूंना कळत होतं.

एप्रिलमध्ये मोहफुलं वेचून झाल्यावर पहिली बैठक झिऱ्यावर बसली. शिवेचं बोलणं सुरू झालं आणि कुणी तरी वीस वर्षांपूर्वीच्या बैलाचं भांडण काढलं. आवाज चढले. त्यांची माणसं उठून गेली. परत येताना आमच्या पोरांपैकी एकजण म्हणाला, आपण आपला दावा टाकून देऊ, ते बघतील त्यांचं. समितीतल्या मोठ्या माणसांनी त्याला थांबवलं, ते बरं झालं. कारण नियमात पुराव्यासाठी म्हाताऱ्या माणसांचे जबाब चालतात, पण ते दावेदारांव्यतिरिक्त असावेत. सामूहिक दाव्यात तर अख्खी ग्रामसभा दावेदार. मग आमच्या बाजूनं जबाब देणार कोण? शेजारचे म्हातारेच.

दुसऱ्या बैठकीला आम्ही बायांना पुढे केलं. आमच्या पाड्यातल्या कितीतरी सुनांचं माहेर तिकडचं आहे. दोन्हीकडची चारोळी त्यांनी वेचलेली. माहेरी असताना कुठपर्यंत जायचो, सासरी आल्यावर कुठून वेचतो, हे त्यांनी झाडागणिक सांगितलं. त्यात भांडायला फारसं काही उरलं नाही. ठरलं ते असं: शीव धारेवर. पण उतारावरच्या चारोळीवर आणि उन्हाळ्यात झिऱ्याच्या पाण्यावर त्यांचा हक्क आमच्याच दाव्यात लिहायचा. त्यांच्या बाजूच्या टेंभुर्णीवर आमचा हक्क त्यांनी लिहायचा. आणि झिऱ्यापासून धारेपर्यंतचं कुठलंही उभं जुनं झाड, वाळलेलं असलं तरी, दोन्ही ग्रामसभांच्या ठरावाशिवाय तोडायचं नाही. हे शेवटचं वाक्य त्यांच्याकडच्या एका आजोबांनी घालायला लावलं. इतिवृत्तावर दोन्ही समित्यांनी सह्या केल्या आणि त्याच आजोबांनी आमच्या पुराव्यासाठी जबाब दिला. मी पुढे ज्या ज्या पाड्यावर बोलावतील तिथे हेच सांगते, की नमुना क चं पहिलं पान भरायच्या आधी शिवेवरच्या सगळ्या शेजाऱ्यांना भेटा.

शीव मोबाइलमधल्या जीपीएसनं चालून काढली. सोबत दोन म्हातारे, दोन पोरं, एक बाई असा मेळ ठेवला. पहाटे निघायचं, पॉवर बँक न्यायची. दाट झाडीत जीपीएस भरकटतो, म्हणून प्रत्येक खुणेवर थोडा वेळ थांबून आकडा स्थिर झाला की घ्यायचा आणि वहीतही लिहायचा. खूण कसली, तेही लिहायचं: धार, नाला, दगडाची रास, ठाणं. सगळं मिळून ४१२ हेक्टर भरलं.

कुपाबद्दल आम्ही वेगळा ठराव करून एप्रिलमध्येच वनखात्याच्या कार्यालयात दिला होता, दाव्याचा निकाल लागेपर्यंत या कंपार्टमेंटमध्ये तोड करू नये म्हणून. प्रत प्रांत कार्यालयाला आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला. पावसाळाभर उत्तर नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये खालच्या उतारावर करवती लागल्या. पाडा सगळा जाऊन उभा राहिला, कुणी हात उचलला नाही, ठरावाची पोच दाखवत राहिलो. दऱ्याच्या तोंडापर्यंतची नंबरची झाडं पडली. दोन हळदू होते तिथे, माझ्या आजोबांच्या लहानपणीही तेवढेच मोठे होते म्हणतात. तिसऱ्या दिवशी वरच्या भागाची तोड पुढे ढकलल्याचं तोंडी सांगितलं, महिन्याभरानं लेखी आलं. मी त्या रात्री जेवले नाही. आतला दरा वाचला याचा आनंद तेव्हा झाला नाही, तो खूप नंतर झाला. लेखी येईपर्यंत रोज कुणी तरी दऱ्याच्या तोंडाशी बसून होतं.

डिसेंबरात स्थळ पडताळणी. वनहक्क समितीनं वन आणि महसूल दोघांनाही लेखी कळवायचं असतं. त्यांनी हजर राहून इतिवृत्तावर हुद्दा, तारीख आणि काही म्हणणं असेल तर ते लिहून सही करायची, असा नियम आहे. पहिल्या तारखेला तलाठी आप्पा आले, वनखात्याकडून कुणी आलं नाही. लोक म्हणाले, पडताळणी झाली असं लिहून टाका. आम्ही दुसरी तारीख दिली, कारण गैरहजेरीचं कारण सांगून पुढे हरकत आली तर दावा फेरपडताळणीला परत येतो. दुसऱ्यांदाही ते आले नाहीत तर मात्र ग्रामसभेचा निर्णय अंतिम. दुसऱ्या वेळी वनपाल आणि वनरक्षकदादा दोघं आले. वनरक्षकदादांनी कंपार्टमेंटचे खांब कुठे आहेत ते दाखवले, त्यामुळे आमच्या नकाशातली एक बाजू नीट बसली. हरकत कुणी लिहिली नाही.

जानेवारी २०२३ मध्ये ग्रामसभेनं दावा मंजूर करून प्रांत कार्यालयाच्या वनहक्क कक्षात दिला. पानांवर क्रमांक टाका, अनुक्रमणिका लावा, आणि पोचेवर आवक क्रमांक व पानांची संख्या लिहून घ्या. आमच्या फाइलीतलं एक नकाशाचं पान मधे सापडेना, तेव्हा त्या पोचेमुळेच ते परत शोधलं गेलं. ऑगस्टमध्ये त्रुटीपत्र आलं. हजर बायांची संख्या वेगळ्या तक्त्यात द्या आणि नकाशावर कंपार्टमेंट क्रमांक टाका, एवढंच. घाबरू नका. उपविभागीय समितीला काही अपुरं वाटलं तर तिनं दावा फेटाळायचा नसतो, ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो. सभा घेतली, उत्तर दिलं.

त्यानंतरची वाट पाहणं फार लांबलं आणि त्यात सांगण्यासारखं कमी आहे. दावा मंजूर करायचा तो जिल्हास्तरीय समितीनं, आणि तिच्या बैठका पुढे जात राहिल्या. मार्च २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता, ऑक्टोबरात विधानसभेची. पाड्यावर लोक विचारायचे बंद झाले, तो काळ मला सगळ्यांत कठीण गेला. दर महिन्याला एक स्मरणपत्र देत राहिले, त्याच आवक क्रमांकाचा उल्लेख करून. जिल्हास्तरीय समितीनं दावा नाकारला तर आपल्याकडच्या अनुसूचित क्षेत्रात विभागीय समितीकडे अपील करता येतं, राज्यपालांची १८ मे २०२० ची अधिसूचना आहे. आमच्यावर ती वेळ आली नाही.

डिसेंबर २०२४ च्या बैठकीत दावा मंजूर झाला. हक्कपत्राचा मसुदा आधी बघायला मागितला, आणि तुम्हीही मागाच. त्यात वरचं एक कंपार्टमेंट गाळलेलं होतं, नेमकं ठाण्याचं. शिवाय 'कार्य आयोजनेच्या अधीन राहून' अशी एक ओळ होती. सामूहिक वनसंसाधनाच्या हक्कपत्राचा नमुना नियमांच्या जोडपत्र ४ मध्ये आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की कायदा आणि नियमांतल्या अटींशिवाय कुठलीही अट घातलेली नाही. त्या पानाची झेरॉक्स लावून अर्ज दिला. दोन्ही दुरुस्त्या झाल्या. ती ओळ राहिली असती तर कूप पुन्हा आला असता. फेब्रुवारीत जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक आणि आदिवासी विकासचे अधिकारी अशा तिघांच्या सह्यांचं हक्कपत्र हातात आलं. ४१२ हेक्टर. काकांनी ते दोन्ही हातांनी धरून बराच वेळ वाचलं, त्यांना फारसं वाचता येत नाही.

२०२५ च्या होळीला ग्रामसभेनं व्यवस्थापन समिती निवडली आणि नियम केले. दऱ्यात ओलं झाड तोडायचं नाही. पडलेलं लाकूड आळीपाळीनं घ्यायचं, पण ढोली असलेलं वाळकं झाड उभं ठेवायचं. अंजनाचा पाला गुरांसाठी फक्त उन्हाळ्यात, शेंडा न छाटता. साल सोलताना कुणी सापडला तर दंड, आणि त्या जागी पाच रोपं जगवून द्यायची. पहिला दंड आमच्याच भावकीत बसला आणि तो भरला गेला. गस्तीला रोज दोन घरांची पाळी आहे. रात्री मोटारसायकल वर चढली तर आधी वनरक्षकदादांना फोन, मग सगळे मिळून. एकट्यानं जायचं नाही, हे पोरांना बजावून सांगितलंय.

वाळकं झाड का ठेवायचं, हे विचारणाऱ्यांना मी रानपिंगळ्याचं सांगते. हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला खात्रीनं दिसलं नव्हतं, नामशेष झालं असं जगानं धरलं होतं, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये ते आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडलं. ते जुन्या झाडाच्या ढोलीत घरटं करतं. आमच्या दऱ्यात ते आहे का, हे पुढच्या हिवाळ्यात जाणकारांना बोलावून पाहायचंय. व्यवस्थापनाच्या आराखड्यात ढोलीच्या झाडांची नोंद आत्ताच सुरू केली आहे, घेर मोजून. घेर छातीच्या उंचीवर मोजायचा आणि दर वेळी त्याच माणसानं मोजला तर बरं.

एक काम अजून राहिलंय. हक्कपत्र मिळाल्यावर वन आणि महसूल खात्यानं अंतिम नकाशा करून आपापल्या दप्तरात नोंद घ्यायची असते, जास्तीत जास्त तीन महिन्यांत. आम्ही मार्चमध्ये अर्ज दिला, मुदत गेली, स्मरणपत्र दिलं आहे. नोंद होईपर्यंत नवी कार्य आयोजना लिहिणाऱ्याला आमचा हक्क दिसणार नाही, म्हणून हे सोडायचं नाही. गणसंख्येचा ठराव, शेजारच्या पाड्याबरोबरचं संयुक्त इतिवृत्त, नकाशाचा अर्ज आणि मसुद्यावरची हरकत, या चारही कागदांचे नावं काढून कोरे केलेले नमुने माझ्याकडे आहेत. ज्यांना हवेत त्यांनी मला लिहावं, आणि सोबत आपल्या शिवेवर किती पाडे लागतात तेही कळवावं.